पुस्तकाची सरळ बाजू

“हात वर कर,” आई म्हणाली आणि तिनं नवं दप्तर माझ्या गळ्यात अडकवलं.

दप्तर तिच्या जुन्या निळ्या लुगड्याचं होतं. लुगडं विरलं होतं, पण काठ शाबूत होता; तो तिनं झाकणाला किनार म्हणून लावला होता. मी मान ताठ करून, पोट आत ओढून उभी राहिले. तरी दप्तर काखेपाशीच लोंबत राहिलं. हात खाली सोडला की कोपर त्याच्यावर आपटायचं.

“आई, पट्टा तोकडा झालाय गं.”

“कापड संपलं.”

“काठ उरलाय की. तो बघ, डब्यावर.”

“तो सुलीच्या परकराला लागंल.” आईनं दोरा दातानं तोडला. तिच्या मांडीपाशी कात्री होती, सुयांची डबी होती आणि एक गाठ मारलेली सुतळी होती. “आणि दप्तर काय मिरवायचं असतं होय? पुस्तक मावलं की झालं.”

मला तेवढ्यानं काही वाटलं नाही. तोकडं तर तोकडं, दप्तर माझं होतं. ते काखेत दाबून मी पडवीत दोन फेऱ्या मारल्या. हणमा, माझा पाठचा भाऊ, आठ वर्षांचा, खांबाला टेकून बघत होता. सुली, शेंडेफळ, पाच वर्षांची, माझ्यामागून तशीच काखेत रिकामी टोपली धरून चालत होती. आत आई उरलेले टाके घालता घालता गुणगुणत होती. आईचं सगळं ओवीत चालायचं. भाकरी करपली तरी ओवी, धरणाचं पाणी वाढलं तरी ओवी.

दप्तर शिविते, त्याला निळी गं किनार
लेकरू निघालं, धरणपाण्याच्या पार

उद्या बाजारचा दिवस होता. उद्या लाँच येणार होती, लाँचमधून गोदाआत्या येणार होती, आणि परत जाताना आमच्यातलं एक पोर कराडला घेऊन जाणार होती. आत्या आबांची थोरली बहीण, तिथल्या शाळेत बाई. तिला मूलबाळ नव्हतं. “तुझ्या पोरांतलं एक माझ्याकडं ठेव, मी शिकवून शहाणं करते,” असा निरोप तिनं दिवाळीतच धाडला होता. एकच, कारण तिचं बिऱ्हाड दीड खोलीचं. आबांना विचार करावा लागला नव्हता. “थोरली जाईल,” ते जेवता जेवता म्हणाले होते. “वत्सूचं वय निघून चाललंय.”

ती थोरली मी.

“आई,” मी दारातून विचारलं, “आत्यानं वाचायला दिलं तर मी माझ्यासारखंच धरू ना पुस्तक?”

“धर की.”

“ती हसंल.”

“हसू दे. मी आहे की सांगायला.”

*

आबा केरवलीच्या धरणावर गेटवाले होते. भिंतीच्या या टोकाला पाटबंधारे खात्याची दोन घरं होती. एक आमचं, दुसऱ्याला कुलूप. तिथल्या माणसांची बदली झाली ती झालीच, नवं कुणी आलं नाही. गाव पाण्याच्या पलीकडे, शाळा पलीकडे. लाँच बाजारच्या दिवशी तेवढी यायची आणि डोंगराला वळसा घालून चालत जायचं तर निघालेलं पोर शाळा सुटायच्या वेळी पोचलं असतं. म्हणून आईनं शाळा घरात भरवली.

ती स्वतः चौथीत होती तेव्हा माझा धाकटा मामा जन्मला. त्याला सांभाळायला घरात कुणीतरी हवं होतं. आईची पाटी ताकाच्या डेऱ्यावर झाकण म्हणून गेली ती परत मिळाली नाही. हे ती हसत हसत सांगायची. “पण माझ्या आज्यानं अक्षराला ओवी लावून दिली होती,” ती म्हणायची, “म्हणून पाटी गेली तरी अक्षरं ऱ्हायली.”

आमची शाळा चुलीपुढं चालायची आणि तिची एक रीत होती. आईनं मला शिकवायचं, मी हणमाला शिकवायचं, हणमानं सुलीला. मोठ्या मडक्यावर लहान, लहानावर आणखी लहान, तशी. आई तिला उतरंड म्हणायची. “दुसऱ्याला सांगता आलं तरच आपल्याला आलं,” हा तिचा एकुलता एक कायदा. मी भाकरीचे चार भाग करून हणमाला पाव आणि पाऊण समजवायची, मग हणमा त्यातला पाव खाऊन सुलीला विचारायचा, “आता किती उरलं?” सुली म्हणायची, “भूक उरली.” आई तोंडाला पदर लावून हसायची. पाढे म्हणायच्या आधी तिघांनी हात पुढं करून बसायचं आणि आई चाल धरायची:

दोन दाही वीस, बोटं हातापायांची
शाळा माझ्या घरी, तीन माझ्या बाळांची

पुस्तक मात्र एका वेळी एकच असायचं. आत्या तिच्या शाळेतलं जुनं, पानं सुटलेलं, कुणाकुणाची नावं खोडलेलं पुस्तक धाडायची. आणि त्या एका पुस्तकापायी माझं ते झालं.

मी चार-पाच वर्षांची असताना आई भाकऱ्या थापता थापता मला अक्षरं दाखवायची. पुस्तक पिठाच्या डब्यावर, तोंड तिच्याकडं. कारण तिलाही डोळ्यांनी धरून धरूनच वाचावं लागायचं. तिच्या बाजूला चूल, धूर आणि पाळण्यात हणमा. म्हणून मी डब्याच्या पलीकडे बसायची. अक्षरं मला पहिल्यांदा भेटली ती डोक्यावर उभी राहिलेलीच. त्यांच्या रेघा खाली, पाय वर. मला वाटलं, अक्षरं अशीच असतात. पुढं मी हणमाला शिकवायला बसले, तर पुस्तकाचं तोंड हणमाकडं. मग सुली आली, तिच्याकडं. पुस्तकाची सरळ बाजू कायम दुसऱ्या कुणाची तरी असायची आणि मी कायम समोर. पाटीवरसुद्धा मी अक्षर काढायची ते समोरच्याला सरळ दिसेल असं. उलटं पुस्तक मी घडाघडा वाचायची, झऱ्यासारखं. सरळ धरलं की अडखळायची, परक्या गावात आल्यासारखी.

आईला हे कळलं तेव्हा ती कपाळाला हात लावून हसली होती. “आगं बया, हे तर माझं वाघूळ!” मग तिनं मला जवळ ओढून घेतलं होतं. “आपल्याला वाटतं वाघूळ उलटं. त्याला जग सरळच दिसत असंल की.” तेव्हापासून मी तिचं वाघूळ. पाणी भरायला हाक मारायची तरी, “कुठं लटकलंय माझं वाघूळ?”

आज माझे केस पिकले. सरळ वाचायला मी पुढं, मोठेपणी शिकले. तरी बँकेत टेबलापलीकडच्या साहेबापुढचा कागद त्याच्याआधी माझा वाचून होतो. माणसं चकित होतात. मी त्यांना काही सांगत नाही.

*

आत्या आली ती घाईतच. पायांतल्या चपला हातात, साडीचा घोळ खोचलेला. लाँचमधून उतरताना चिखलात पाय गेला होता.

“वहिनी, चहाचं काही करू नका हो. वारं सुटलंय, लाँचवाला लवकर परतायचं म्हणतोय.”

“वन्सं, भाकरी तरी खावा. चूल पेटलेलीच आहे.”

“बरं, दोन घास.” आत्यानं पाय धुतले, पाटावर टेकली आणि पिशवीतून कागदात बांधलेले पेढे काढले. “कुठं आहे आमचा भाऊराया?”

“गेटावर. सुलीला घेऊन गेलेत. पाणी सोडायचंय आज.”

आई चुलीपुढं बसली होती. तिच्यासमोर परात, परातीत पीठ. मी अंगावर धुतलेला परकर-पोलका घालून, दोन वेण्या घट्ट बांधून भिंतीशी उभी होते. दप्तर खुंटीला होतं. त्यात मी आदल्या दिवशीच पाटी, पेन्सिलीचा तुकडा आणि सुलीनं दिलेला एक पांढरा खडा ठेवला होता.

आत्यानं आम्हां दोघांकडं पाहिलं. तिची नजर मायेची होती, पण शाळेतल्या बाईची होती. नखं, कान, केस बघून झाले.

“एक बघते हं, वहिनी. मुख्याध्यापकांना मला सांगावं लागेल, पोर कुठल्या वर्गात बसेल ते. तुमचं पुस्तक नको, ते पोरांना पाठ असतं.” तिनं पेढे ताटलीत ओतले आणि ज्यात ते बांधले होते तो वर्तमानपत्राचा कागद मांडीवर हातानं सपाट केला. “ये रे हणमंता, तू ये आधी.”

हणमा बोट ठेवून, नाकातून दम टाकत, एकेक शब्द ओढून वाचू लागला. “सा-ता-रा... सातारा. जि-ल्ह्या-त...” त्याला ‘ल्ह्या’ कसा म्हणायचा ते मीच श्रावणात शिकवलं होतं, ओल्या मातीवर काडीनं लिहून. तो ‘ल्ह्या’ बरोबर आला तेव्हा त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

“अरे वा! वाघ आहेस,” आत्या म्हणाली आणि त्याच्या हातावर पेढा ठेवला. हणमा पेढा तोंडात कोंबून धावतच सुटला, लाँच बघायला.

“ये गं वत्सले.”

मी गेले. कागद हातात घेतला. तेलकट होता, त्याला खव्याचा वास येत होता. काहीच मनात न आणता, पाणी पिताना तांब्या तिरका करावा तसा, मी तो फिरवला. अक्षरं पाय वर करून उभी राहिली, माझ्या ओळखीची झाली. मी तोंड उघडलं.

आत्या खळखळून हसली.

“अगं बाई! उलटा धरलास की. रेघ कुठं असते अक्षराची?” तिनं कागद माझ्या हातातून घेऊन सरळ केला आणि वरच्या कोपऱ्याला धरून माझ्यापुढं ठेवला. “हं. आता ही खालची बातमी वाच.”

मी बघितलं. काळ्या मुंग्या.

“म...” मी म्हणाले. “म... हा...” ते ‘मं’ आहे की ‘म’, टिंब कुठल्या बाजूला, मला कळेना. कान तापले. मी कागद पुन्हा फिरवायला गेले. आत्यानं कोपरा सोडला नाही.

“असं नाही बाळा, असं.”

“मला असं येतं, आत्या. उलटं धरून येतं.”

“उलटं धरून?” ती पुन्हा हसली, पण या वेळी थोडं कीव आल्यासारखं. “अगं, ज्याला सरळ येत नाही त्याला उलटं कसं येईल?”

मी आईकडं पाहिलं. तिच्या दोन्ही हातांच्या मध्ये भाकरी होती. ती या हातावरून त्या हातावर टाकत होती. थाप, थाप.

“आई, सांग ना आत्याला.”

आत्यानंही मान वळवली. “काय म्हणते ही, वहिनी?”

आईनं भाकरी तव्यावर टाकली. वरून पाणी फिरवलं. चारही बोटांनी, सावकाश, कडेपासून मध्यापर्यंत, कुठं कोरडं राहू नये अशी. त्या पाण्याचा चर्र आवाज मला अजून ऐकू येतो.

“काही नाही हो, वन्सं,” ती म्हणाली. “तिचं सगळं कानावरचं आहे. पाठांतर दांडगं पोरीचं. मला वाटलं होतं, आत्तापतूर येईल वाचायला.”

मला वाटलं, ही गंमत करतेय. आता हसेल, आता म्हणेल, ‘आगं बया, माझं वाघूळ.’ मी वाट बघितली. ती तव्याकडंच बघत होती.

“आई!”

“काय गं?”

“तू बोलली होतीस. मी आहे सांगायला, म्हणालीस.”

“पुरे वत्सू. मोठ्या माणसांशी वाद घालू नये.”

“मी वाचून दाखवते, आत्या! एकदाच! मला फिरवू दे फक्त—”

आत्याचे हात सैल झाले होते. तिनं कागद अर्धा माझ्याकडं सरकवलाही होता. हे मी शपथेवर सांगेन. “बघू तरी काय करते,” ती म्हणाली. तेवढ्यात आईनं भाकरी तव्यावरून काढून त्याच कागदावर ठेवली. गरम भाकरी, वाफ येणारी, बरोबर अक्षरांच्या मधोमध.

“खावा वन्सं, गरम आहे तोवर. लाँचवाला थांबायचा नाही.”

आत्यानं भाकरीचा तुकडा मोडला. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “तुझा काही दोष नाही हं बाळा. पण पाचवीच्या वर्गात तुला बसवू कशी? पोरं हसतील. हणमंताला तिसरीत बसवते. तो चालून जाईल.”

*

दप्तर आईनंच खुंटीवरून काढलं. पांढरा खडा बाहेर काढून कोनाड्यात ठेवला.

लाँचच्या धक्क्यापर्यंत आम्ही धरणाच्या भिंतीवरून गेलो. पुढं आत्या, मग आई, आईच्या बोटाला हणमा, सगळ्यांत मागं मी. गेट उघडलं होतं. खाली पाणी गरजत कोसळत होतं आणि त्याचे तुषार भिंतीवर येत होते. आबा वाटेतच भेटले. सुली त्यांच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती.

“हणमा?” ते थांबले. “थोरली जायची ठरली होती न्हवं?”

“अरे, तिला वाचता येत नाही,” आत्या पाण्याच्या आवाजावरून ओरडली. “पाठ आहे सगळं. वहिनीच म्हणाल्या.”

आबांनी माझ्याकडं पाहिलं, मग आईकडं. “रोज दुपारी तर हिचा आवाज गेटापतूर येतोय.”

“आवाज येतो,” आई म्हणाली. “वाचणं येगळं असतं.”

आबांना सही येत होती आणि पाण्याच्या पट्टीवरचे आकडे. वाचणं आणि म्हणणं यातलं अंतर आई सांगेल तेवढं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली.

“आबा, मला येतं,” मी म्हणाले. पण पाणी गरजत होतं, आणि मला वाटतं, मी ते फार मोठ्यानं म्हटलंच नव्हतं. ज्याच्यासाठी मोठ्यानं म्हणायचं ते माणूस माझ्याकडं पाठ करून चाललं होतं.

“बरं,” आबा म्हणाले. “औंदा हणमा जाऊ दे. पुढल्या साली बघू.”

धक्क्यावर हणमानं एकदम माझा हात धरला. त्याला आत्ता कुठं उमगलं होतं.

“ताई, तू पुढच्या लाँचनं येणार?”

“न्हाई.”

“मग तिथं मला जोडाक्षरं कोण सांगणार?”

“बाई सांगतील.”

“त्या समोर बसतील?”

मी खाली बघितलं, आणि तेव्हा मला ते दिसलं.

दप्तर हणमाच्या खांद्यावर होतं. पट्टा छातीवरून तिरका उतरून बरोबर कमरेशी येऊन थांबला होता. कुठं ओढ नाही, कुठं झोळ नाही. त्याचा हात त्यावर असा विसावला होता, जसा पाळण्याच्या कडेवर आईचा हात. मग मला गाठ मारलेली सुतळी आठवली. गेल्या बाजारच्या आदल्या दिवशी आईनं हणमाला उंबऱ्यात उभं केलं होतं आणि ती सुतळी त्याच्या खांद्यापासून कमरेपर्यंत लावली होती. “सदरा शिवायचाय,” म्हणाली होती. सदरा काही शिवला नव्हता.

म्हणजे आत्या यायच्या आधी. मी उलटं धरायच्या आधी. ‘मी आहे की सांगायला’ म्हणायच्याही आधी.

लाँच सुटली. हणमा रडला नाही. तो दोन्ही हातांनी दप्तर धरून बसला होता. आई पदर तोंडाशी धरून उभी होती. भाकरी करपली तरी ओवी म्हणणारी माझी आई; तिनं त्या दिवशी पोटचं लेकरू पाण्यापल्याड जाताना एक ओळ म्हटली नाही. पाण्यावर लाँचची रेघ उमटली, रुंद झाली आणि मिटली.

*

दुपारी सुली जागी झाली. तिनं आधी हणमाला हाका मारल्या, मग त्याच्या वाटणीचा पेढा खाल्ला, मग पुस्तक घेऊन माझ्यापुढं येऊन बसली. पुस्तक तिनं स्वतःकडं सरळ ठेवलं.

“ताई, माझा ‘ध’ राहिलाय. हणमा सांगणार होता.”

मी भिंतीकडं तोंड करून बसले होते. ‘ध’ची ओवी आईनं माझ्यावरच रचली होती:

ध गं धरणाचा, पाणी ठेवितो कोंडून
थोरली माझी लेक, सांगे अक्षर मांडून

ती ओवी म्हणताना आधी मला केवढं फुलून यायचं.

“सांग की गं तिला,” आई म्हणाली. ती चुलीतली राख काढत होती. तिचा आवाज रोजच्यासारखा होता, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

“सुतळी हणमाच्या मापाची होती,” मी भिंतीलाच म्हणाले.

राख काढायचा आवाज थांबला.

“सदऱ्याची नव्हती ती. तू आधीच ठरवलं होतंस.”

आई उठून माझ्यामागं येऊन बसली. तिच्या लुगड्याला धुराचा वास होता.

“हणमा गेला तर एक पोर गेलं, वत्सू,” ती हळू म्हणाली. “तू गेली असतीस तर माझी शाळाच गेली असती. मला चौथीच्या पुढचं कुठं येतंय? गेल्या सालापासून तुझं पुस्तक तूच वाचतेस आणि मी नुसती मान हलवते. ही धाकटी कुणापुढं बसली असती? खालचं मडकं काढलं की उतरंड ऱ्हाती का?”

“आणि मी?”

“तुला काय कमी आहे हितं?”

“मला येतं ते तू नाही म्हणालीस.”

“मी काय वाईट बोलले? पाठांतर दांडगं म्हणाले.”

“तू नाही म्हणालीस, आई.”

मग तिनं सुलीपुढलं पुस्तक उचललं, पदरानं पुसलं, आणि जे आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. मला खांद्याला धरून तिनं वळवलं आणि पुस्तक माझ्यापुढं सरळ ठेवलं. रेघा वर, पाय खाली. स्वतः उठून पलीकडे, माझ्या जागेवर जाऊन बसली.

“ये,” ती म्हणाली. “आजपासून सरळ बाजूला तू बस. मी बसते हिकडं. वाच, हळूहळू येईल.”

त्या पानाकडं मी पाहिलं. मला त्या बाजूला बसायचं होतं. किती वर्षं बसायचं होतं. पण आज नको होतं, आणि तिच्या हातून तर नकोच होतं.

मी मांडीवर हात ठेवून बसले.

“वाच की गं.”

“मला वाचता येत नाही,” मी म्हणाले.

“वत्सू...”

“माझं सगळं कानावरचं आहे.”

आईचा चेहरा आक्रसला. तिनं हात पुढं केला. मी सरकून बसले. तिचा हात पुस्तकावरच राहिला, पिठाच्या खपल्या नखांत धरलेला.

सुली आमच्या दोघींकडं आळीपाळीनं बघत होती. शाळेत काहीतरी चुकलंय एवढं तिला कळलं होतं. ती गुडघ्यावर रांगत मधे आली. पुस्तकावरचा आईचा हात तिनं उचलून बाजूला ठेवला, पुस्तकाचे दोन्ही कोपरे धरले, आणि चिमुकल्या हातांनी, पान दुमडू न देता, ते माझ्यापुढं उलटं फिरवलं.

“आई, असं नाही गं. ताईला उलटं लागतं. मग तिला सगळं येतं.” तिनं मान वर करून आईकडं पाहिलं. “तुला ठाऊक नाही होय?”

आईनं तिच्याकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं नाही. ती चुलीकडं वळली आणि एक लाकूड आत सारलं, मग दुसरं, मग वाकून फुंकर घालत राहिली.

चूल केव्हाच विझली होती.